सत्तेचाळिसाव्या वर्षी पाटीपूजन

आमच्या घरात ‘पत्ते’ हा शब्द उच्चारायचीही बंदी होती. वडील म्हणत, पत्त्यांनी राज्ये बुडाली, तुमच्या परीक्षा कोण विचारतो! अशा घरात वाढलेली मी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी फी भरून पत्ते खेळायला जाऊ लागले. हे मी सांगते आहे ते २००६ सालचे. ‘हे’ रोज संध्याकाळी विचारत, “काय, आज राजा लागला का राणीवर?” मी म्हणे, “अहो, राजावर राणी लागते, राणीवर राजा नव्हे. आणि हात कापतो हो अजून!”

त्याचे असे झाले. मी मुंबईतल्या एका निमसरकारी कचेरीत टंकलेखिका म्हणून लागले ती १९७९ साली. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण. टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या त्या खडखडाटात, डोळ्यांवर फडके बांधल्यासारखे समोर बघत बोटे चालवायला मी शिकले आणि त्या बोटांवर सत्तावीस वर्षे डोंबिवलीचे बिऱ्हाड चालवायला हातभार लावला. तीन कार्बन घालून चार प्रती काढाव्यात, एकही खाडाखोड नसावी, आणि साहेबांनी सही करताना कागद उजेडाकडे धरून बघावा, हा माझा अभिमान! १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र बनवले. त्याच घराण्यातले एक यंत्र माझ्या टेबलावर होते. दसऱ्याला मी त्याला झेंडूची माळ घालीत असे.

एके दिवशी त्या टेबलावरून यंत्र उचलले गेले आणि त्या जागी संगणक आला. पाठोपाठ परिपत्रक आले. ठरावीक मुदतीत संगणकाची अर्हता मिळवा, नाहीतर वेतनवाढ रोखली जाईल. पन्नाशी उलटलेल्यांना सूट होती. मी सत्तेचाळिशीची! तीन वर्षे आधी जन्मले असते तर, असा विचार करून मी त्या रात्री चक्क रडले. मुलगा दहावीला, मोठीचे लग्न ठरायचे, घराचे हप्ते चालू. वेतनवाढ गेली तर ती काही एका वर्षापुरती जात नाही. पुढचा सारा पगार आणि शेवटी निवृत्तिवेतनसुद्धा त्याच पायरीवरून मोजले जाते.

आई, तू दुसऱ्या बॅचला जा!

महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याने ‘एम.एस.-सी.आय.टी.’ हा अभ्यासक्रम सुरू केला. तोवर संगणकाचे शिक्षण म्हणजे इंजिनिअरांचे काम, असा आपल्याकडे समज होता. या अभ्यासक्रमाने ते गल्लीबोळांत आणले, आणि मराठीतूनही आणले. पुढे लाखो लोक त्यातून बाहेर पडले. दहावीची परीक्षा संपली की सुटीत मुलांना तिथे घालायची पद्धतच पडली.

आमच्या चिरंजीवांची परीक्षा मार्चमध्ये संपली. मी दोघांचे पैसे एकदमच भरले. घरी येऊन सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “आई, तू माझ्या वर्गात बसणार? माझे मित्र आहेत तिथे! तू दुसऱ्या बॅचला जा ना!” दुसरी बॅच दुपारची, म्हणजे माझ्या कचेरीच्या वेळेची. शेवटी तह झाला. त्याने पहिल्या रांगेत बसायचे, मी शेवटच्या. आणि वर्गात त्याला ‘बाळ’ म्हणून हाक मारायची नाही.

शिकवायला बावीस वर्षांची मुलगी. ती मला ‘काकू’ म्हणे आणि मी तिला ‘बाई’. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात तो उंदीर दिला. वाचकहो, सत्तावीस वर्षे दहा बोटांनी काम केलेल्या बाईला एका बोटाचे काम जमेना! मी उंदीर उजवीकडे नेला की पडद्यावरचा बाण डावीकडे जाई, कारण मी तो उलटा धरला होता. तेव्हा बाईंनी मला पत्त्यांचा डाव लावून दिला. “काकू, आठ दिवस फक्त हे खेळा. दाबा, धरा, ओढा, सोडा.” मला तो पोरखेळ वाटला. नंतर कळले की १९९० साली विंडोजबरोबर तो डाव देण्यामागे लोकांचा हात उंदरावर बसावा हाही एक उद्देश होता. आठ दिवसांनी माझा हात बसला आणि डावही सुटू लागला. वडिलांच्या तसबिरीकडे मात्र मी बघत नसे.

जुनी मैत्रीण भेटली

नवव्या दिवशी बाई म्हणाल्या, “आता एक पत्र लिहायचे.” मी कळफलकावर बोटे ठेवली, आणि काय सांगू! ती आपोआप जागच्या जागी जाऊन बसली. वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. १८७०च्या दशकात अमेरिकेत शोल्सने टंकयंत्रासाठी केलेली ही मांडणी संगणकाने जशीच्या तशी उचलली आहे. मी खाली न बघता एक आख्खे पान उतरवले. खोलीत शांतता पसरली. पहिल्या रांगेतून एकाने विचारले, “कोण रे त्या काकू?” आणि आमचे चिरंजीव मान वळवून म्हणाले, “माझी आई आहे.” त्या दिवसापासून तो माझ्या शेजारी बसू लागला.

पण माझी जुनी विद्याच मला नडलीही. यंत्रावर ओळ संपली की कॅरेज ढकलायची सवय. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबीत असे. मग मध्ये एक शब्द घातला की सगळा मजकूर विसकटे. मथळा मध्यभागी आणायला मी मोजून अठरा वेळा रिकामी कळ दाबी. बाई म्हणत, “काकू, मथळ्याला नुसते ‘मध्यभागी जा’ म्हणून सांगा. ओळ कुठे मोडायची ते त्याचे त्याला कळते. परिच्छेद संपला की मगच एंटर.” यंत्रावर मी अक्षरांच्या जागा मोजीत होते, इथे हे मथळा आहे, हा परिच्छेद आहे, इथे पान संपते, असे सांगायचे असते. एवढा एक धडा ज्याला कळला, त्याला ‘वर्ड’ कळले.

मराठीचे दुखणे मात्र वेगळे होते. टंकयंत्रावर ‘कि’ काढताना ह्रस्व वेलांटी आधी दाबायची आणि मग ‘क’. संगणकाच्या नव्या ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणीत आधी ‘क’, मग वेलांटी, म्हणजे उच्चारतो त्या क्रमाने. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. मांडणी शहाणपणाची, पण सत्तावीस वर्षांची बोटे शहाणपण ऐकत नाहीत.

शिवाय त्या काळी एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. कारण सोपे होते. जुने मराठी टंक म्हणजे बहुरूपी. आत अक्षर इंग्रजीच, वर फक्त देवनागरीचा अंगरखा. आणि प्रत्येक टंकाचा अंगरखा निराळा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडपासून देवनागरी त्यात आहे, पण कचेऱ्यांतून ते रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. हे वेलांटीचे प्रकरण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

फळ्यावरचा हिशेब आणि चकलीची भाजणी

तिसऱ्या आठवड्यात ‘एक्सेल’ आले. उभे रकाने, आडव्या ओळी. आमच्या वेळच्या आवृत्तीत ६५,५३६ ओळी होत्या. २००७ सालापासून त्या दहा लाखांच्या वर गेल्या. मला प्रश्न पडला, एवढ्या ओळी काय करायच्या? आमचा वाण्याचा हिशेब चाळीस ओळींत मावतो!

या प्रकाराचा जन्मही मोठा गमतीचा आहे. १९७८ साली हार्वर्डमध्ये व्यवसायशिक्षण घेणाऱ्या डॅन ब्रिकलिन या तरुणाच्या मनात आले की, फळ्यावरच्या हिशेबातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागते. त्यापेक्षा फळ्यानेच स्वतः हिशेब केला तर? त्याने बॉब फ्रँक्स्टनच्या साथीने १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ तयार केले. एक्सेल हे त्याचेच पुढचे भावंड, १९८५ सालचे.

मला ते कळले चकलीच्या भाजणीने. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ हे एका रकान्यात लिहिले. वर एका घरात लिहिले ‘किती पट’. पुढच्या रकान्यात ‘बरोबर’ची खूण करून ‘हे गुणिले ते’ असे सूत्र घातले. वरच्या घरात तीन लिहिताच तांदूळ बारा, हरभरा सहा, उडीद तीन! मी पुन्हा दोन लिहिले, पुन्हा तीन. लहान मूल दिवा लावते-विझवते तसे माझे चालले होते.

एक खोच मात्र इथे सांगितलीच पाहिजे. सूत्र खाली ओढले की त्यातले पत्तेही एकेक घर खाली सरकतात. वाट्यांचा पत्ता सरकायलाच हवा. पण ‘किती पट’चे घर एकच, तेही सरकले तर यंत्र रिकाम्या घराने गुणून शून्य दाखवते. म्हणून त्या पत्त्याला डॉलरची खूण लावायची. तो खिळा आहे. खिळा ठोकलेली वस्तू हलत नाही. व्याजाचा दर, महागाई भत्त्याचा दर, ‘किती पट’, जे सगळ्यांना एकच, त्याला खिळा. आजही माझ्याकडे कुणी “सूत्र चुकतंय” म्हणून आले की मी प्रथम खिळा शोधते.

जुलैमध्ये परीक्षा झाली. आम्ही मायलेक दोघेही उत्तीर्ण. गुण त्याला जास्त. पण त्याने ते बाहेर कुणाला सांगितले नाहीत, हे त्याचे मोठेपण.

बेरीज बरोबर होती

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. त्या वर्षी दिवाळी दहा दिवसांवर आली होती. आमच्या कचेरीतून ३१२ निवृत्त कर्मचाऱ्यांना महागाई भत्त्याच्या फरकाची पत्रे जायची होती. निवृत्तिवेतनाचे पाच टक्के, आठ महिन्यांचे. पूर्वी हे काम आम्ही तिघी चार दिवस करीत असू. आता मी प्रमाणपत्रधारी! साहेबांना म्हणाले, “मी एकटी करते.”

यादी केली, सूत्र घातले, दराला खिळा ठोकला. एकच पत्र वर्डमध्ये लिहून नावाच्या जागी नाव आणि रकमेच्या जागी रक्कम यादीतून आपोआप उतरेल अशी जोडणी केली. त्याला ‘मेल मर्ज’ म्हणतात. त्याआधी नावे अकारविल्हे लावावीत म्हणून नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायची कळ दाबली. यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारले. मी घाईत होते. न वाचता ‘चालू दे’ म्हटले. दुपारपर्यंत ३१२ पत्रे छापून झाली. एकूण बेरीज साहेबांनी मंजूर केलेल्या रकमेशी पैन्‌पै जुळली. साहेबांनी शाबासकी दिली. संध्याकाळी पत्रे पाकिटांत घालून गठ्ठे बांधले. सकाळी टपालात जायची होती.

रात्री घरी बेसन भाजत होते. हात चालू होता, मन रिकामे होते. घड्या घालताना डोळ्यांखालून गेलेले एक पत्र एकदम समोर उभे राहिले. आमच्या कचेरीतले जुने दप्तरी, त्यांच्या नावापुढे रुपये ४,१२०. मी त्यांची कागदपत्रे स्वतः टंकित केली होती. निवृत्तिवेतन दोन हजार आठशे. पाच टक्के म्हणजे एकशे चाळीस. आठ महिन्यांचे अकराशे वीस. चार हजार कुठून आले?

बेसन करपले. ‘हे’ धावत आले. मी म्हटले, “अहो, माझ्या हातून मोठा घोळ झालाय.”

घोळ असा होता: क्रम लावताना मी फक्त नावांचा रकाना निवडला होता. यंत्र विचारीत होते, शेजारचे रकाने बरोबर घेऊ की नुसता हाच हलवू? मी म्हटले, हाच. त्यामुळे नावे हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या. दप्तऱ्यांच्या नावापुढे अधीक्षकांची रक्कम, आणि कुणा विधवेच्या नावापुढे भलत्याचीच. आणि बेरीज? माणसे इकडची तिकडे झाली तरी बेरजेला काय! आकडे तेच, बेरीज तीच. जिच्या भरवशावर आम्ही सारे निश्चिंत होतो, तिला माणसे ओळखता येत नव्हती.

रात्रभर झोप नाही. गप्प बसावे का, असा विचार मनात आला नाही असे म्हणणार नाही. साधी टंकलेखिका, मिरवून घेतलेले काम, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी, “प्रमाणपत्र घेतलंय म्हणे!” पण दिवाळीच्या तोंडावर चार हजारांचे पत्र हाती आलेला म्हातारा नातवंडांना काय काय कबूल करून बसेल, आणि नंतर आपण त्याला काय सांगणार? पहिल्या गाडीने निघाले. साडेसातला कचेरीच्या दाराशी उभी राहून शिपायाला म्हटले, “ते गठ्ठे टपालात टाकू नकोस बाबा.”

साहेब आल्याबरोबर सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “बाई, आज संध्याकाळपर्यंत होईल का?”

मी फाईल जपून त्याच नावाने साठवली होती, बंदही केली होती. ‘केलेले परत घे’ म्हणायची सोय संपली होती. तेव्हा कंत्राटावर आलेला तेवीस वर्षांचा एक मुलगा पुढे झाला. कचेरीत तो आला तेव्हापासून आम्ही जुनी माणसे त्याच्याशी कामापुरतेच बोलत असू. तो म्हणाला, “मॅडम, निवृत्तिवेतनाचा क्रमांक हललेला नाही ना? मग गेल्या वर्षीच्या यादीतून क्रमांकावरून नाव शोधून आणता येईल. व्हीलुकअप नावाचं सूत्र आहे.” क्रमांक दाखवायचा, सूत्राने जुन्या यादीत तो शोधून त्यासमोरचे नाव आणून द्यायचे. पाच मिनिटांत ३०३ नावे जागेवर आली. उरलेले नऊ त्या वर्षीचे निवृत्त; त्यांची नावे माझ्या हातच्या नोंदवहीत होती.

पण आता माझा कुणाच्याच यादीवर विश्वास उरला नव्हता. मी म्हटले, “बाळ, आता वाचून ताळा.” मी वहीतून क्रमांक, नाव, मूळ वेतन वाचीत होते, तो पडद्यावर बघून ‘हो’ म्हणत होता. ३१२ वेळा ‘हो’. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी गठ्ठे टपालात गेले. त्या दिवशी त्याने माझ्या डब्यातली करपलेल्या बेसनाची वडी खाल्ली आणि छान झाली आहे म्हणाला. त्यानंतर कचेरीत आमची जोडीच जमली. मी त्याला नोंदवहीतली माणसे शिकवली, त्याने मला सूत्रे.

चार गोष्टी पदराला बांधा

मी २०१७ साली निवृत्त झाले, रोखल्या न गेलेल्या सगळ्या वेतनवाढींसह. आता सोसायटीतल्या बायका, कॉलेजातली मुले, दुकान टाकणारी सून असे कुणी ना कुणी येते. विकतचे नको असेल तर २०१० पासूनचे ‘लिबर ऑफिस’ फुकट मिळते आणि काम तेच करते. मी सगळ्यांना चारच गोष्टी सांगते.

पहिली: मूळ यादीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मग हवे ते प्रयोग करा. दुसरी: यंत्राने प्रश्न विचारला तर तो वाचा, कळला नाही तर ‘रद्द करा’ म्हणा, ‘चालू दे’ म्हणू नका. तिसरी: क्रम लावताना सगळे रकाने एकत्र निवडा, आणि नावांवर विसंबू नका, प्रत्येकाला क्रमांक द्या. चौथी: बेरीज जुळली म्हणून उठू नका. मधली पाच नावे काढून हाताने हिशेब करून पाहा.

शाळेतल्या मुलांच्या पडद्यावरच्या सादरीकरणाबद्दल एकच. नातीने परवा एका पानावर तीस ओळी कोंबल्या होत्या. मी म्हटले, “अगं, तूच बोलणार आहेस ना? मग पानावर चार शब्द पुरे. उरलेले तुझ्या तोंडात हवे.” आता तर नुसते सांगितले की यंत्र पत्रच लिहून देते, सूत्रही बसवून देते. देऊ दे. पण दप्तऱ्यांचे निवृत्तिवेतन किती होते, हे त्याला कोण सांगणार?

दप्तऱ्यांवरून आठवले. त्या वर्षी पाडव्यानंतर ते काठी टेकीत कचेरीत आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि खिशातून पत्र काढले. माझ्या पोटात गोळा आला.

“बाई, अकराशे वीस. बरोबर आहेत. मीही हिशेब केला होता.”

“मग काय झालं दादा?”

“पण हे पत्र माझ्याच नावाचं का?”

मी पाहिले. जुन्या टंकातून नव्यात येताना ह्रस्व वेलांटीने शेजारच्या अक्षरावर उडी मारली होती. ‘किरण’चे ‘करिण’ व्हावे, तसे त्यांच्या नावाचे झाले होते. ३१२ वेळा ‘हो’ म्हणून झाले, पण आम्ही दोघांनीही नाव डोळ्यांनी न वाचता ओळखीनेच वाचले होते.

मी त्यांना बसवले, वेलांटी जागेवर आणली आणि नवे पत्र छापून दिले. त्यांनी ते हातात घेतले, दोन्ही बाजूंनी बघितले आणि माझ्या जुन्या साहेबांसारखे उजेडाकडे धरले.

“आता ठीक आहे,” ते म्हणाले.